प्रवासातील भ्रमणध्वनी-संपर्क

भ्रमणध्वनी-संपर्क, प्रवासातील : वाटेत असलेल्या माणसाचा घराशी, व्यवसायाशी व अन्य संबंधितांशी बिनतारी दूरध्वनीद्वारे राहणारा संपर्क. या संपर्कात येणारे अडथळे, त्यांची कारणे व त्यांच्या निवारणाची रीत यांचाही या विषयात अंतर्भाव होतो. संपर्क तुटला असता दोष कोठे आहे हे शोधण्याचे काम तारायंत्राच्या काळी तारखात्याच्या व रेल्वेच्या नोकरवर्गाकडे असे. ट्रंक दूरध्वनीच्या काळी ते केंद्रावरील चालकाकडे होते. स्मार्टफोनच्या काळात मात्र ते बव्हंशी खुद्द प्रवाशाकडे आले आहे. साधनाची प्रगती आणि जबाबदारीचे हे स्थलांतर ही एकाच इतिहासाची दोन अंगे होत. दौंड–मनमाड लोहमार्गावरील पुणतांबा या स्थानकाच्या संदर्भात हा इतिहास सलगपणे पाहता येतो.

पुणतांबा : हे गाव अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यात, कोपरगावच्या आग्नेयीस गोदावरीकाठी वसले आहे. चांगदेवांच्या समाधीमुळे ते तीर्थक्षेत्र म्हणून प्रसिद्ध असून १ जून २०१७ पासूनच्या शेतकरी संपाची हाक येथूनच दिली गेली. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठविले व त्याचे उत्तर ‘चांगदेव पासष्टी’च्या रूपाने आले, अशी परंपरागत कथा आहे. या कथेतील पत्र शिष्याच्या हाती गेले. तारायंत्र येईपर्यंत सर्वत्र हीच स्थिती होती. संदेश नेणारा माणूस अथवा घोडा ज्या वेगाने जाई, त्याच वेगाने संदेश जाई. त्यामुळे काशीयात्रेस निघालेल्या माणसाची खुशाली बहुधा तो परतल्यावरच कळे आणि वाटेतील संपर्क ही कल्पनाच संभवत नव्हती.

दौंड–मनमाड हा सु. २३५ किमी. लांबीचा लोहमार्ग १८७८ मध्ये वाहतुकीस खुला झाला. दौंडकडून मनमाडकडे जाताना अहिल्यानगर, राहुरी, बेलापूर (श्रीरामपूर), पुणतांबा, कोपरगाव व येवला ही त्यावरील काही स्थानके लागतात. शिर्डीस रेल्वेने येणारे भाविक पूर्वी मुख्यतः कोपरगाव येथे उतरत. २००९ मध्ये पुणतांब्याहून साईनगर शिर्डीपर्यंतचा सु. १७ किमी. चा फाटा सुरू झाला आणि पुणतांबा हे जंक्शन झाले. मनमाडकडून शिर्डीस जाणाऱ्या गाड्या येथूनच वळतात. मुंबई–साईनगर शिर्डी ‘वंदे भारत’ ही फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली गाडीही त्यांपैकीच एक होय.

तारायंत्राचा काळ : विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारायंत्राचे प्रयोग केले. १८५५ च्या प्रारंभापर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास ही शहरे तारेने जोडली जाऊन ही सेवा सर्वसामान्यांस खुली झाली. लोहमार्गालगत तारेचे खांब उभे राहिले, कारण एकेरी मार्गावर गाडी सोडण्यापूर्वी पुढील स्थानकाची ‘लाइन क्लिअर’ संमती तारेनेच मिळवावी लागे. रेल्वेच्या अनेक तारकचेऱ्या जनतेच्या ताराही स्वीकारीत. त्यामुळे प्रवाशाला गाडीतून नव्हे, तरी स्थानकावरून घराशी संपर्क साधण्याची सोय प्रथमच झाली. शब्दागणिक आकार पडत असल्याने मजकूर मोजका असे. तार आली म्हणजे काही अशुभ घडले, अशी धास्ती खेडोपाडी दीर्घकाळ टिकून होती.

तार तुटली किंवा तिचा जमिनीशी संसर्ग झाला, तर दोषस्थान शोधण्याची पद्धत ठरलेली होती. मार्ग चाचणी-स्थानकांनी विभागलेला असे. प्रत्येक टप्पा अलग करून तपासला जाई व ज्या टप्प्यात प्रवाह नीट वाहत नसे, त्यातच दोष आहे असे ठरे. मग विद्युत् रोध मोजून अंतराचा अंदाज घेतला जाई आणि तारेचा कामगार त्या जागी पाठविला जाई. संपूर्ण मार्ग संशयित न मानता त्याचे भाग पाडावेत व निर्दोष भाग एकेक करून वगळावेत, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय. पुढील सर्व काळात ते कायम राहिले आहे. प्रवाशाला मात्र यातले काही जाणावे लागत नसे. तारबाबू ‘लाइन बंद आहे’ एवढेच सांगे व प्रवासी वाट पाही. भारतातील सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

ट्रंक व एस.टी.डी. दूरध्वनी : भारतात दूरध्वनी केंद्रे १८८२ मध्ये सुरू झाली. दूर अंतरावरील संभाषणासाठी चालकाकडे ‘ट्रंक कॉल’ नोंदवावा लागे व क्रमांक मिळेपर्यंत तासन्‌तास थांबावे लागे. विशिष्ट व्यक्ती पलीकडे आल्यावरच आकारणी सुरू करणारा ‘पी. पी. कॉल’ हा त्यातील एक प्रकार होता. प्रवाशाला तो विशेष उपयोगी पडे. चालकाविना दूर अंतराचा क्रमांक फिरविण्याची सोय (एस.टी.डी.) प्रथम लखनौ व कानपूर यांदरम्यान नोव्हेंबर १९६० मध्ये झाली. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या संस्थेने भारतीय हवामानाला साजेशी ग्रामीण दूरध्वनी केंद्रे विकसित केली. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून स्थानके, बसथांबे व बाजारपेठा यांत पिवळ्या फलकांची एस.टी.डी.–पी.सी.ओ. केंद्रे दिसू लागली. केंद्रचालक शहराचा संकेतांक सांगे, क्रमांक लावून देई आणि लागत नसल्यास कारणही सांगे. निरक्षर प्रवाशाच्या दृष्टीने ही मदत मोलाची होती. भ्रमणध्वनीच्या प्रसाराबरोबर ही केंद्रे बंद पडत गेली व तिच्याबरोबर ही मदतही संपली.

भ्रमणध्वनीचा उदय : मोठ्या प्रदेशाचे लहान लहान कक्षांत विभाजन करून प्रत्येक कक्षात स्वतंत्र प्रेषक-ग्राही केंद्र ठेवावे आणि त्याच कंप्रता दूरच्या कक्षांत पुन्हा वापराव्यात, ही कल्पना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ मध्ये मांडली गेली. ३ एप्रिल १९७३ रोजी मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्क येथे हातात धरून वापरता येणाऱ्या दूरध्वनीवरून संभाषण केले. १९७९ मध्ये टोकिओत व १९८१ पासून उत्तर यूरोपीय देशांत कक्षीय सेवा सुरू झाल्या. जी.एस.एम. या अंकीय प्रमाणपद्धतीवरील सेवेचा आरंभ १९९१ मध्ये फिनलंडमध्ये झाला. या पद्धतीत ग्राहकाची ओळख उपकरणात न ठेवता ‘सिम’ या लहान पत्रिकेत ठेवली जाते. त्यामुळे उपकरण व ग्राहकत्व हे दोन स्वतंत्र भाग झाले. दोषशोधनाच्या दृष्टीने ही मोठी सोय ठरली. परक्या सेवेच्या जाळ्यात आपले ग्राहकत्व चालविणे म्हणजे ‘रोमिंग’. त्यासाठीचा पहिला जी.एस.एम. करार १९९२ मध्ये फिनलंड व ब्रिटन येथील कंपन्यांत झाला.

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी केलेल्या संभाषणाने या सेवेचा प्रारंभ झाला. देशाचे दूरसंचार मंडलांत विभाजन करण्यात आले. त्यात मुंबई हे एक मंडल व गोव्यासह उर्वरित महाराष्ट्र हे दुसरे मंडल ठरले. त्यामुळे मुंबईचा ग्राहक पुणतांब्यास आला, की तो स्वतःच्याच राज्यात असूनही प्रारंभीच्या काळात ‘रोमिंग’ प्रवासी ठरे. येणाऱ्या संभाषणालाही आकार असे. मंडलांतर्गत येणारी संभाषणे २००३ मध्ये निःशुल्क झाली. १५ जून २०१५ पासून भारत संचार निगमने देशभर रोमिंगमध्ये येणारी संभाषणे निःशुल्क केली आणि पुढे काही वर्षांत देशांतर्गत रोमिंगचे आकार जवळपास लोपले. जम्मू-काश्मीरमध्ये मात्र इतर राज्यांतील पूर्वभरणा (प्रीपेड) ग्राहकांस सेवा न देण्याचा निर्बंध अनेक वर्षे लागू होता. अमरनाथ व वैष्णोदेवीच्या यात्रेकरूंना त्याची अडचण सोसावी लागे आणि कित्येकांना ती आपल्या उपकरणातील बिघाड वाटे.

कार्यपद्धती : चालू असलेला भ्रमणध्वनी आसपासच्या मनोऱ्यांचे संकेत सतत मोजतो आणि त्यांतील योग्य मनोऱ्याकडे आपली नोंद करतो. प्रवासी एका कक्षातून दुसऱ्यात गेला, की चालू संभाषण नव्या मनोऱ्याकडे सोपविले जाते. ताशी १०० किमी. वेगाची गाडी ३ किमी. रुंदीचा कक्ष दोन मिनिटांच्या आत ओलांडते. म्हणजेच अर्ध्या तासाच्या संभाषणात असे हस्तांतर पंधराहून अधिक वेळा घडू शकते व त्यांतील एक जरी फसले तरी संभाषण तुटते. अनेक कक्षांचा मिळून एक नोंदणी-प्रदेश होतो. त्याची सीमा ओलांडताना गाडीतील शेकडो उपकरणे एकाच वेळी नवी नोंद मागतात. त्यामुळे काही क्षण कोणाचाच संपर्क होत नाही, असे घडू शकते.

कमी कंप्रतेच्या लहरी (७००, ९०० मेगाहर्ट्‌झ) दूरवर जातात व भिंतींतून अधिक सहज आत शिरतात. अधिक कंप्रतेच्या लहरी (२,३००, ३,५०० मेगाहर्ट्‌झ) अधिक माहिती वाहू शकतात, परंतु त्यांचा पल्ला कमी असतो. जी.एस.एम. पद्धतीत कालगणनेच्या मर्यादेमुळे मनोऱ्याचा पल्ला सर्वसाधारणपणे सु. ३५ किमी. पलीकडे जात नाही. प्रत्यक्षात तो याहून पुष्कळच कमी असतो, कारण मनोऱ्याचा संकेत उपकरणापर्यंत पोहोचणे पुरेसे नसते. केवळ दोन वॉट किंवा त्याहून कमी शक्तीच्या हातातील उपकरणाचे उत्तरही मनोऱ्यापर्यंत पोहोचावे लागते.

अडथळ्यांची कारणे : (१) भूरचना : सह्याद्रीचे घाट, दऱ्या व बोगदे यांत लहरींना छाया पडते. कोकण रेल्वेवर बोगद्यांची संख्या ९० हून अधिक असून त्यांतील करबुडे बोगदा सु. ६·५ किमी. लांबीचा आहे. बोगद्यात लहरी पाझरणारी केबल किंवा स्वतंत्र प्रेषक बसविल्याशिवाय तेथे संपर्क टिकत नाही. (२) डबा : धातूचा डबा व लेप दिलेल्या बंद काचा लहरी अडवितात. म्हणून पूर्ण वातानुकूलित डब्यात संकेत क्षीण होतो व दाराजवळ तो काहीसा सुधारतो. (३) गर्दी : आषाढीस पंढरपुरात किंवा उत्सवाच्या दिवशी शिर्डीत संकेताच्या सर्व रेघा दिसत असूनही संभाषण लागत नाही. रेघा मनोऱ्याच्या संकेताचे बळ दाखवितात, त्याची मोकळी क्षमता दाखवीत नाहीत. अशा प्रसंगी कंपन्या चाकांवरील तात्पुरते मनोरे उभे करतात. (४) पिढ्यांतील विसंगती : चौथ्या पिढीची सेवा देणाऱ्या काही जाळ्यांत जुन्या पद्धतीचे संभाषण-मार्गच नसतात. ‘व्होल्टी’ ही सोय नसलेल्या किंवा ती बंद असलेल्या उपकरणावर तेथे माहिती मिळते, पण बोलणे होत नाही. (५) ग्राहकत्व : मुदत संपणे, दैनिक मर्यादा संपणे, ओळख-पडताळणी अपुरी राहणे. (६) प्रशासकीय आदेश : सार्वजनिक सुरक्षिततेसाठी सेवा स्थगित करण्याचे नियम २०१७ मध्ये करण्यात आले व त्यांची जागा २०२४ च्या नियमांनी घेतली. अशा स्थगितीवर प्रवाशाच्या हाती कोणताही उपाय नसतो.

दोषशोधनाचा क्रम : तारमार्गाचे टप्पे पाडण्याचे तत्त्व येथेही लागू पडते. स्थळ, जाळे, ग्राहकत्व व उपकरण हे या मार्गाचे चार टप्पे होत. प्रथम त्याच कंपनीची सेवा वापरणाऱ्या सहप्रवाशास विचारावे. त्याचाही संपर्क नसेल, तर दोष स्थळाचा किंवा जाळ्याचा असून उपकरणात फेरफार करण्यात अर्थ नसतो. अशा वेळी पुढील स्थानकापर्यंत थांबणे हाच उपाय असतो. इतरांचा संपर्क असून आपलाच नसेल, तर ‘एअरप्लेन मोड’ काही सेकंद चालू करून बंद करावा. त्यामुळे उपकरण जुनी नोंद सोडून नव्याने नोंद करते. न साधल्यास उपकरण बंद करून पुन्हा सुरू करावे. जाळ्याची निवड कधी हाताने केलेली असल्यास ती ‘स्वयंचलित’वर आणावी. बोलणे होते पण माहिती येत नाही, असे असल्यास मोबाइल डेटा, रोमिंगमधील डेटा, शिल्लक व ए.पी.एन. (माहिती-जाळ्याच्या प्रवेशद्वाराचे नाव) ही क्रमाने तपासावीत. दिनांक व वेळ चुकीची असेल, तरीही सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत.

एवढ्यानेही दोष न सापडल्यास आपले सिम दुसऱ्या उपकरणात घालून पाहावे. तेथे ते चालले तर दोष आपल्या उपकरणात आहे, न चालल्यास सिममध्ये किंवा ग्राहकत्वात आहे. जाळ्याविषयीच्या सर्व मांडण्या मूळ स्थितीस नेण्याचा उपाय शेवटी योजावा, कारण त्यात जतन केलेले वाय-फायचे परवलीचे शब्दही पुसले जातात. संकेत क्षीण असता उपकरण अधिक शक्तीने प्रेषण करते व सतत मनोरे शोधत राहते. त्यामुळे विद्युत् घट लवकर उतरतो. लांबच्या निर्जाळ पट्ट्यात ‘एअरप्लेन मोड’ चालू ठेवणे म्हणूनच हितावह असते.

बोलणे अशक्य असतानाही लघुसंदेश पुष्कळदा पोहोचतो. तो अल्प जागा घेतो व पलीकडील उपकरण उपलब्ध होईपर्यंत केंद्रात साठवून ठेवला जातो. या बाबतीत त्याचे तारेशी साम्य आहे. रोमन लिपीत एका लघुसंदेशात १६० अक्षरचिन्हे मावतात, तर देवनागरीत ७०. मात्रा व अनुस्वारही यात स्वतंत्र मोजले जातात. संकटप्रसंगी ११२ हा क्रमांक फिरवावा. आपल्या कंपनीचे जाळे नसले तरी अन्य जाळे उपलब्ध असल्यास त्यावरून हे संभाषण नेण्याची तरतूद प्रमाणपद्धतीतच आहे.

परदेश-प्रवासात आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावे लागते. अमेरिकेतील प्रमुख कंपन्यांनी २०२२ मध्ये तिसऱ्या पिढीची जाळी बंद केली. त्यामुळे मुलाबाळांकडे जाणाऱ्या कित्येक ज्येष्ठांची जुनी उपकरणे तेथे निरुपयोगी ठरली. बँकेचा एकवेळचा परवलीचा शब्द भारतीय क्रमांकावरच येत असल्यामुळे स्थानिक सिम घेतल्यावरही मूळ सिम कार्यान्वित ठेवणे आवश्यक असते.

सामाजिक परिणाम : २०१६ नंतर एकीकृत देयक व्यवस्थेचा (यू.पी.आय.) प्रसार झाला. रेल्वेचे तिकीट, जेवणाचे पैसे, निवासाची नोंद व ओळखपत्र ही सर्व एका उपकरणात आली. त्यामुळे संपर्क तुटणे म्हणजे केवळ बोलणे थांबणे असे राहिले नाही. प्रवाशाजवळ पैसे असूनही ते देता येत नाहीत, असा प्रसंग आता उद्‌भवू शकतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल येथून आरंभ झालेली स्थानकांवरील वाय-फाय सेवा पुढे देशातील हजारो स्थानकांवर पोहोचली, परंतु तिच्यात प्रवेश करण्यासाठीही भ्रमणध्वनीवर येणारा परवलीचा शब्द लागतो. ज्याचे सिमच बंद आहे, त्याला तिचा उपयोग होत नाही. तारबाबू किंवा केंद्रचालक यांच्यासारखा विचारण्याजोगा माणूसही स्थानकावर उरलेला नाही. याची झळ प्रामुख्याने वृद्ध, अल्पशिक्षित व घरात एकच उपकरण असणाऱ्या प्रवाशांस लागते.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ च्या सेवागुणवत्ता विनियमांनुसार कोणत्या भागात कोणती सेवा मिळते याचे नकाशे प्रसिद्ध करणे कंपन्यांवर बंधनकारक केले. जिल्हा पातळीवर सेवा २४ तासांहून अधिक काळ बंद राहिल्यास ग्राहकास भरपाई देण्याची तरतूदही त्यांत आहे. मात्र चालत्या गाडीतील प्रवाशाला त्या क्षणी उपयोगी पडेल अशी व्यवस्था नियमांनी निर्माण होत नाही. ती त्याने आधीच करावी लागते. महत्त्वाचे क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवणे, तिकिटाची छापील प्रत किंवा पडद्याचे छायाचित्र बाळगणे, थोडी रोकड ठेवणे आणि चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा व वेळ आधी ठरविणे, हे तिचे घटक होत. वारकरी परंपरेत अशी व्यवस्था पूर्वीपासून आहे. पालखी सोहळ्यातील प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, रथापुढील वा रथामागील तिचे स्थान निश्चित असते आणि मुक्कामांची गावे ठरलेली असतात. त्यामुळे लाखोंच्या गर्दीत मागे पडलेला वारकरी कोणत्याही यंत्राविना आपल्या दिंडीस येऊन मिळतो. भ्रमणध्वनीच्या जाळ्याने या पूर्वनियोजनाची गरज कमी केली असली, तरी ती संपविलेली नाही.